एका टेबलावर ७५ मुलं : फॉस्टर केअरमधला सुपरवायझर नक्की करतो काय?

एप्रिल २००२. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, मायामीमध्ये, बालकल्याण खात्यात एक फाइल जुन्या कर्मचाऱ्याकडून नव्या कर्मचाऱ्याकडे गेली. फाइल होती राइल्या विल्सन नावाच्या पाच वर्षांच्या मुलीची. आई व्यसनात अडकलेली, म्हणून ही मुलगी तान्ही असतानाच सरकारने ताब्यात घेतली होती आणि पुढे एका बाईच्या घरी सांभाळायला ठेवली होती. नवा माणूस आला की तो आधी मुलाला भेटायला जातो, तशी इथेही चौकशी झाली.

तर मुलगी घरात नव्हतीच.

एक-दोन दिवस नाही, तब्बल १५ महिने नव्हती. सांभाळणारी बाई म्हणाली, "तुमच्याच खात्याचं कुणीतरी जानेवारी २००१ मध्ये तिला तपासणीसाठी घेऊन गेलं, परत आणलंच नाही." खात्यात तशी काही नोंदच नव्हती. नोंदी होत्या त्या भलत्याच. दर महिन्याला भेट झाली, मुलगी ठीक आहे, अशा. आधीची कर्मचारी न जाताच भेटी लिहीत होती. पुढे तिने खोट्या नोंदींचा गुन्हा कबूल केला.

ही बातमी अमेरिकाभर गाजली. राज्यपाल जेब बुश यांनी चौकशी समिती नेमली. ऑगस्ट २००२ मध्ये खात्याच्या प्रमुख कॅथलीन कर्नी यांना पायउतार व्हावं लागलं. कर्मचारी खोटं बोलली, हे सगळ्यांना कळलं. पण १५ महिन्यांत दर महिन्याला एक म्हणजे १५ भेटींच्या नोंदी झाल्या. त्या कुणीतरी वाचायच्या असतात, त्यावर प्रश्न विचारायचे असतात.

त्या माणसाला म्हणतात सुपरवायझर. बातम्यांत त्याचं नाव क्वचित येतं, सिनेमात तर येतच नाही. त्याचं काम काय असतं आणि ते नीट झालं नाही तर काय होतं, तेच इथे बघू.

आधी फॉस्टर केअर म्हणजे काय ते पाहू

फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. दत्तक घेतलं की मूल कायमचं तुमचं होतं. फॉस्टर केअरमध्ये मूल काही काळापुरतं दुसऱ्या कुटुंबाकडे राहतं, कारण त्याच्या स्वतःच्या घरात मारहाण, व्यसन, हेळसांड असं काहीतरी चाललेलं असतं. ताबा सरकारकडे, निर्णय कोर्टाकडे आणि रोजचं जेवणखाण, शाळा, आजारपण फॉस्टर पालकांकडे. सरकार त्यांना खर्चासाठी पैसे देतं.

अमेरिकेत सप्टेंबर २०२२ अखेर अशी ३ लाख ६८ हजारांच्या आसपास मुलं होती. त्यातली जवळपास एक तृतीयांश आजी, मावशी, काका अशा नातेवाइकांकडेच होती. आणि बहुतेकांच्या बाबतीत पहिलं उद्दिष्ट असतं ते मूल परत आईवडिलांकडे जावं हेच. फॉस्टर केअर म्हटलं की अनाथ मुलं, असं आपल्याला वाटतं. पण यातल्या बहुतेक मुलांचे आईवडील हयात असतात आणि मुलं त्यांची वाट बघत असतात.

प्रत्येक मुलामागे एक केसवर्कर असतो. तो मुलाला भेटतो, फॉस्टर पालकांशी बोलतो, खऱ्या आईवडिलांना व्यसनमुक्तीला पाठवतो, त्यांच्या भेटी घडवून आणतो, शाळेत जातो, डॉक्टरकडे नेतो आणि कोर्टात रिपोर्ट देतो. केंद्राच्या कायद्यानुसार मुलाला महिन्यातून एकदा भेटायलाच हवं आणि त्यातल्या निम्म्या तरी भेटी मूल राहतं त्या घरात व्हायला हव्यात. ऑफिसात बोलावून "कसा आहेस?" विचारलं, एवढ्यावर भागत नाही.

७५चा आकडा आला कुठून?

अमेरिकेत चाइल्ड वेल्फेअर लीग नावाची जुनी संस्था आहे. तिने घालून दिलेलं प्रमाण असं : एका केसवर्करकडे १२ ते १५ मुलं आणि एका सुपरवायझरखाली ५ केसवर्कर. पाच गुणिले पंधरा म्हणजे ७५. पंच्याहत्तर मुलं, त्यांचे आईवडील, त्यांची फॉस्टर घरं, वकील, न्यायाधीश, शाळा. हे सगळं सुरळीत चाललं असेल तेव्हाचं चित्र.

प्रत्यक्षात? अमेरिकी संसदेच्या लेखा कार्यालयाने २००३ मध्ये पाहणी केली, तेव्हा एका कर्मचाऱ्याकडे सरासरी २४ ते ३१ केसेस निघाल्या. काही ठिकाणी ११० पर्यंत. वर्षाला ३० ते ४० टक्के कर्मचारी नोकरी सोडत होते आणि एक माणूस सरासरी दोन वर्षंही टिकत नव्हता.

आता सुपरवायझरच्या जागी बसून बघा. पाचातला एक जण सोमवारी राजीनामा देतो. त्याच्या २५ फाइली उरलेल्या चौघांत वाटायच्या. चौघांचा भार वाढला की दोन महिन्यांत आणखी एक जण जातो. नवी भरती झाली तरी तिला प्रशिक्षण द्यायला काही महिने लागतात आणि तोवर तिच्या हाती पूर्ण फाइली देता येत नाहीत. कुठल्याही ऑफिसात माणसं सोडून जातात, त्यात नवल नाही. इथे फरक असा की फाइलीच्या दुसऱ्या टोकाला एक मूल असतं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळी गोष्ट एका नव्या माणसाला सांगायची असते.

याचा परिणाम मोजायचा प्रयत्न मिलवॉकी काउंटीत झाला. २००५ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की ज्या मुलांचा केसवर्कर एकदाही बदलला नाही, त्यातल्या ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं. दोन केसवर्कर झाले तिथे हा आकडा १७.५ टक्क्यांवर आला. हे आकडे सोशल मीडियावर बऱ्याचदा फिरतात, पण ते जरा सांभाळून वापरायला हवेत. जी केस मुळातच गुंतागुंतीची असते ती लांबते, आणि लांबली की माणसं बदलतातच. म्हणजे सगळा दोष माणसं बदलण्यावर टाकता येत नाही. तरीही एवढी मोठी दरी केवळ योगायोग म्हणून सोडून देणं कठीण आहे.

आठवड्याची ती एक तासाची बैठक

सुपरवायझरचं खरं काम एका बंद खोलीत होतं. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला प्रत्येक केसवर्करबरोबर एकट्याने बसायचं आणि एकेक फाइल काढायची. अल्फ्रेड कादुशिन या समाजकार्याच्या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये या विषयावर एक पुस्तक लिहिलं, ते आजही शिकवलं जातं. त्यांच्या मांडणीनुसार सुपरवायझरची कामं तीन : काम झालं की नाही ते बघणं, काम शिकवणं आणि काम करणाऱ्याला सावरणं.

घाईच्या दिवसांत यातलं पहिलंच उरतं. भेट झाली का? झाली. रिपोर्ट गेला का? गेला. पुढची फाइल.

चांगला सुपरवायझर वेगळे प्रश्न विचारतो. मूल एकटं असताना त्याच्याशी बोललास का, की फॉस्टर आई शेजारीच बसली होती? झोपतं ती खोली बघितलीस? घरात आणखी कोण राहतं? मागच्या महिन्यात होती ती खोकल्याची तक्रार, तिचं काय झालं? आईची आणि मुलाची भेट झाली तेव्हा मूल निघताना रडलं की येताना?

शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण आईला सोडताना रडणारं मूल आणि आईकडे जायचं म्हणून रडणारं मूल, या दोन संपूर्ण वेगळ्या केसेस आहेत.

मग नोंदी वाचणं. नोंदी वाचण्याचीही एक नजर लागते. "मूल आनंदी दिसले. कपडे स्वच्छ होते. कोणतीही तक्रार नाही." हेच वाक्य मार्चमध्ये, हेच एप्रिलमध्ये, हेच मेमध्ये. लहान मूल तीन महिने सारखंच कसं दिसेल? दात पडतो, गुडघा फुटतो, शाळेतला नवा मित्र येतो. ज्या नोंदीत असलं काहीच नाही, ती नोंद घरात जाऊन लिहिली की ऑफिसात बसून, हा प्रश्न सुपरवायझरला पडायला हवा. शंका आली की उपाय साधे असतात. फॉस्टर पालकांना स्वतः एक फोन लावायचा, शाळेकडून हजेरी मागवायची, पुढच्या भेटीला केसवर्करबरोबर आपणही जायचं. १५ महिन्यांत यातलं एकदा जरी झालं असतं, तर राइल्या घरात नाही हे कळलं असतं.

इथे एक अडचण आहे. सतत संशय घेणाऱ्या साहेबाला कुणी खरं सांगत नाही. "या महिन्यात तीन भेटी राहिल्या" हे ज्या टीममध्ये मोकळेपणाने बोलता येतं, तिथे त्या तीन भेटी दुसऱ्या कुणाला तरी देता येतात. जिथे असं बोललं की मेमो मिळतो, तिथे त्या तीन भेटी कागदावर होऊन जातात. म्हणजे तपासायचंही आहे आणि माणसाला घाबरवायचंही नाही. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिता येतं, पण करायला घेतलं की मनाचा कस लागतो.

पहिलं मत सुटत नाही

खोटेपणा हा तसा क्वचितचा आजार. रोजचा आजार वेगळाच आहे आणि तो प्रामाणिक माणसांना होतो.

ब्रिटनमधल्या प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी बालसंरक्षणातल्या चुकांचा बराच अभ्यास केला. त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं ते असं : कर्मचारी एकदा मत बनवतो आणि मग विरुद्ध पुरावा समोर आला तरी ते मत बदलत नाही. "ही आई चांगली आहे, जरा गडबडलेली आहे" असं पहिल्या भेटीत वाटलं की पुढची प्रत्येक जखम "पडला असेल" या खात्यात जमा होते. उलटही होतं. "हा बाप बेकार" असं एकदा ठरलं की तो सहा महिने दारूला शिवला नाही तरी "नाटक करतोय".

केसवर्करला हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही. तो त्या घरात चहा प्यायलेला असतो, त्या माणसांशी त्याचं नातं जुळलेलं असतं. ज्याने ते घर पाहिलेलं नाही असा कुणीतरी लागतो जो विचारेल, "तुझं मत बदलायला काय दिसावं लागेल?" सुपरवायझर लांब बसलेला असतो, याचा हा फायदा.

दोन्ही बाजूंच्या चुका महागात पडतात. मूल धोकादायक घरात राहिलं तर जीवावर बेततं, आणि विनाकारण घरापासून तोडलं तर तीही जखम आयुष्यभराची. 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' हा सिनेमा ज्यांनी पाहिला, त्यांना ही दुसरी भीती माहीत आहे. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं काढून फॉस्टर केअरमध्ये ठेवली गेली होती आणि २०१२ मध्ये ती काकाच्या ताब्यात देऊन भारतात पाठवली गेली. त्या प्रकरणात कोण किती चुकलं हा वाद अजून मिटलेला नाही.

वर कायद्याचं घड्याळ चालू असतं. अमेरिकेच्या १९९७च्या कायद्यानुसार १२ महिन्यांच्या आत कोर्टात ठरवावं लागतं की हे मूल पुढे कायमचं कुठे राहणार. गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असेल, तर काही अपवाद सोडता, आईवडिलांचे हक्क कायमचे काढून घेण्याचा अर्ज सरकारने करायचा असतो. आईला व्यसनमुक्ती केंद्रात जागाच पाचव्या महिन्यात मिळाली, तर ते पाच महिने कुणाच्या खात्यात धरायचे? असे प्रश्न केसवर्कर एकटा सोडवत नाही. फाइल सुपरवायझरकडे येते आणि सही त्याची होते.

सावरणं म्हणजे काय

रात्री अकराला पोलिसांबरोबर जाऊन रडणाऱ्या लेकराला आईच्या कडेवरून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसात येतो. त्याच्याकडे अजून १४ फाइली आहेत. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकून आणि पाहून माणूस स्वतःच आतून हादरतो, झोप उडते, चिडचिड होते आणि मग हळूहळू काहीच वाटेनासं होतं. हे शेवटचं सगळ्यात धोकादायक, कारण ज्याला काही वाटत नाही त्याला काही दिसतही नाही.

सुपरवायझर इथे मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. तो एवढंच करू शकतो की त्या सकाळी फाइलीआधी माणसाबद्दल विचारायचं, त्या दिवसाची कोर्टाची तारीख दुसऱ्याला द्यायची आणि गरज असेल तर रजा मंजूर करायची. बहुतेक सुपरवायझर स्वतः आधी केसवर्कर होते. चांगला केसवर्कर म्हणून बढती मिळाली आणि एका दिवसात पाच माणसांचा साहेब झाला. साहेबकी कुणी शिकवलेली नसते. मग सवयीने तो काय करतो, तर अडलेली केस स्वतःच धावत जाऊन सोडवतो. केस सुटते खरी, पण टीम शिकत नाही.

भेटायला एक, जबाबदार दुसरा

अमेरिकेतल्या टेक्सासची गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे यंत्रणेनेच घोळ घालून ठेवला होता. राज्य केवढं मोठं! मूल एका टोकाला, केसवर्कर दुसऱ्या टोकाला. मग मुलाच्या जवळपास राहणारा दुसराच कर्मचारी दर महिन्याला त्याला बघून यायचा. या कर्मचाऱ्यांना नावच पडलं होतं "आय सी यू" वर्कर, म्हणजे "मी तुला बघतो" वाले. बघणारा निर्णय घेत नव्हता आणि निर्णय घेणारा बघत नव्हता. भेटींचा आकडा मात्र पूर्ण.

मुलांच्या वतीने २०११ मध्ये खटला दाखल झाला. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधीश जॅनिस जॅक यांनी निकाल दिला की टेक्सासची दीर्घकालीन फॉस्टर केअर व्यवस्था मुलांच्या घटनात्मक हक्कांचा भंग करते. कर्मचाऱ्यांवरचा बोजा हा त्यातला मोठा मुद्दा होता. पुढे राज्याने एका केसवर्करकडे १४ ते १७ मुलं हे प्रमाण मान्य केलं. वरची लढाई कोर्टात अजून चाललेलीच आहे.

फ्लोरिडाने २००३ मध्ये राइल्याच्या नावाने कायदा केला. सरकारी देखरेखीखालचं लहान मूल बालवाडीत जात असेल आणि न सांगता गैरहजर राहिलं, तर बालवाडीने ते कळवायचं. म्हणजे एका केसवर्करच्या शब्दावर सगळं अवलंबून राहू नये. राइल्याला सांभाळणाऱ्या बाईला २०१३ मध्ये अपहरण आणि छळासाठी ५५ वर्षांची शिक्षा झाली. खुनाच्या आरोपावर ज्युरीचं एकमत झालं नाही. मुलगी आजवर सापडलेली नाही.

आपल्याकडे हे काम कोण करतं?

भारतात फॉस्टर केअर बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ४४ खाली येते. मूल कुठल्या कुटुंबाकडे द्यायचं ते जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. याच कलमात लिहिलंय की समितीने फॉस्टर कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करायची. म्हणजे महिन्याला एक भेट हा हिशेब आपल्याकडेही तोच आहे.

धावपळ करतो तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष. त्यात संस्थाबाह्य काळजीसाठी वेगळा संरक्षण अधिकारी असतो, सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्रीय कार्यकर्ते असतात, आणि सगळ्यांवर जिल्हा बाल संरक्षण अधिकारी. अमेरिकेतल्या सुपरवायझरच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं पद हेच. फरक असा की त्याच्या टेबलावर फक्त फॉस्टर केअर नसते. बालविवाह थांबवणं, बालगृहं, हरवलेली मुलं हे सगळं तिथेच येतं आणि हाताखालची बरीच माणसं कंत्राटी असतात. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथली एक गृहभेट म्हणजे एका कर्मचाऱ्याचा अख्खा दिवस, हे गणित मांडल्याशिवाय "भेट का झाली नाही" असं विचारण्यात अर्थ नसतो.

महाराष्ट्रात लोकांच्या ओळखीची आहे ती बाल संगोपन योजना. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आईवडिलांपैकी एक गेलेली किंवा नातेवाइकांकडे वाढणारी मुलंही तिच्यात येतात, त्यामुळे ती अमेरिकेतल्या अर्थाने निव्वळ फॉस्टर केअर नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये फॉस्टर केअरसाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. दोन्हींत गृहचौकशी होते आणि दोन्हींत प्रश्न तोच : चौकशीचा अहवाल लिहिणाऱ्याला "तू काय पाहिलंस?" असं विचारणारं वर कुणी आहे का?

२०२४ मध्ये केंद्राने फॉस्टर केअरची मार्गदर्शक तत्त्वं बदलली. आता ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही फॉस्टर पालक होऊ शकते. मात्र एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगे देता येतात. मूल दत्तक देण्यायोग्य ठरलं असेल तर दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येतं, आधी ही अट पाच वर्षांची होती. चौकशी करायची असेल तर आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जायचं. एखादं मूल अडचणीत दिसलं तर फोन १०९८ वर.

आणि उद्या तुमच्या घरी असं मूल आलं, तर दर महिन्याला कुणीतरी भेटायला येईल. तो मुलाशी एकट्याने बोलायचंय म्हणाला तर राग मानू नका. चहा ठेवायला आत जा आणि जरा निवांत ठेवा.